शिकविणाऱ्याचे शिक्षण

उपचार करणे आणि उपचार करावयास शिकविणे या दोन निराळ्या विद्या आहेत. वाचादोषांवरील उपचारांच्या क्षेत्रात हा भेद विशेष जाणवतो. म्हैसूर येथे १९६५ साली या विषयाची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली आणि १९६६ साली मुंबईच्या नायर रुग्णालयात पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. या शिक्षणाची रीत अशी की, विद्यार्थ्याने रुग्णासमोर बसावे आणि अनुभवी उपचारकाने त्याच्यावर देखरेख ठेवावी. जो उत्तम उपचारक, तो उत्तम मार्गदर्शकही असणारच, असे येथे सहज गृहीत धरले जाते. पण ते खरे मानावे काय?

भिलाईनजीकच्या उतई गावातील सहासात वर्षांचे एखादे मूल डोळ्यांपुढे आणावे. ते ‘शहर’ न म्हणता ‘सहर’ म्हणते. विद्यार्थी वहीत दोषाची खूण करतो आणि ‘श’चा सराव घेऊ लागतो. वस्तुतः छत्तीसगढी बोलीत ‘श’च्या जागी ‘स’ येणे स्वाभाविकच आहे; ते मूल आपल्या आईची भाषा बिनचूक बोलत असते. उलट, भिलाईत पोलाद कारखान्याची पहिली भट्टी १९५९ साली पेटली आणि देशभरची कुटुंबे तेथे आली. त्यांतील एखाद्या मराठी घरच्या मुलाला त्याच वयात ‘ळ’ साधत नसेल, तर मात्र चौकशी करावयास हवी.

मागे बसलेल्या मार्गदर्शकाला हे ठाऊक असते. त्याने चटकन पुढे होऊन चूक सुधारली, तर मूल सुटेल. पण विद्यार्थी पुढच्या खेपेसही त्याच्याच तोंडाकडे पाहत राहील. त्याऐवजी त्याने हळूच एवढेच विचारावे, “याच्या घरी हा शब्द कसा उच्चारतात?” स्वतः शोधलेले उत्तर जन्मभर पुरते. मात्र विलंबाने रुग्णाचे अहित होणार असेल, तर गप्प राहणे हाही अपराधच. केव्हा बोलावे आणि केव्हा मौन धरावे, हा विवेक नुसत्या अनुभवाने येत नाही.

अमेरिकेत जीन अँडरसन यांनी १९८८ सालच्या आपल्या ग्रंथात या वाटचालीचे तीन टप्पे सांगितले. आरंभी मार्गदर्शकाने गुणदोष दाखवावे, मग दोघांनी मिळून विचार करावा आणि अखेरीस विद्यार्थ्याने स्वतःच आपला परीक्षक व्हावे. तेथील व्यावसायिक संघटनेने २०२० पासून अशा मार्गदर्शकांस किमान २ तासांचे प्रशिक्षण आवश्यक केले. दोन तास ते काय! परंतु हे काम वेगळे शिकावे लागते, ही कबुली त्यात आहे.

उपचारकाच्या हाती समोरचे एक मूल असते. मार्गदर्शकाच्या हाती, त्याच्या विद्यार्थ्याकडे पुढे येणारी सारी मुले असतात.