शिवी पुढाऱ्यास, की बाईस?

(अकोला येथील सभेत झालेले भाषण)



बाई राजकारणात आली की तिने टीका सोसलीच पाहिजे, असे पुष्कळ लोक म्हणतात. मान्य. टीका पुरुषासही चुकत नाही. प्रश्न इतकाच, की ती तिच्या कारभारावर आहे, की तिच्या बाईपणावर?

शेजारच्या अमरावतीचे उदाहरण घ्या. तेव्हाच्या खासदार नवनीत राणा यांचा जातीचा दाखला मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली रद्द केला. ४ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. त्या दाखल्याविषयी विचारणे ही टीका होय. असा प्रश्न पुरुष उमेदवारासही विचारता येतो. परंतु त्याच महिन्यात लोकसभेच्या प्रचारात संजय राऊत यांनी त्यांस 'नाची' म्हटले. यात कोणत्या कामाचा हिशेब आला? सिनेमातले पुरुषही निवडणुका लढवितात; त्यांच्या नाचण्यावरून त्यांच्या अब्रूकडे कोणी बोट दाखवीत नाही.

शिवाय 'नाची' ही शिवी झाली कशी? पायात चाळ बांधून पोट भरणाऱ्या बाया आपल्याच कष्टकरी जातींतल्या. त्यांचा खेळ पाहण्यास पुढे बसावयाचे, आणि त्यांच्या धंद्याचे नाव दुसरीच्या तोंडावर फेकावयाचे! एका शब्दात बाईचाही अपमान, जातीचाही.

दोष एकाच पक्षाचा नव्हे. मे २०२२ मध्ये भाजपचे चंद्रकांत पाटील यांनी सुप्रिया सुळे यांस घरी जाऊन स्वयंपाक करण्यास सांगितले. वाद ओबीसी आरक्षणाचा. उत्तर मिळाले चुलीचे!

ही रीत जुनीच. वऱ्हाडातल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' छापली, तेव्हा त्यांचीही निंदा झाली. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली.

आज राज्यातील ग्रामपंचायती व जिल्हा परिषदांत ५० टक्के जागा स्त्रियांस राखीव आहेत. आपल्या गावची सरपंच अशा शब्दांस भिऊन गप्प बसली, तर खुर्ची तिची आणि कारभार नवऱ्याचा, हे ठरलेलेच. म्हणून शिवी विरोधी पक्षाच्या बाईस दिली, तरी टाळ्या पिटू नका. तिच्या जागी पुरुषाचे नाव घालून पाहा. शब्दाची धार गेली, तर तो तिच्या कारभाराबद्दल नव्हताच. हिशेब जरूर मागा, खडसावून मागा. पण पुढारी म्हणून मागा, बाई म्हणून नव्हे.