शिक्षेपूर्वीं श्रवण



शाळेंत शिस्त असावी, याविषयीं दुमत नाहीं. परंतु शिक्षा करण्यापूर्वीं मुलाचें म्हणणें ऐकावें कीं नाहीं, याचा निवाडा अमेरिकेंत न्यायालयास करावा लागला.

१९७१ सालीं ओहायो राज्यांतील कोलंबस शहराच्या सार्वजनिक शाळांत मोठी अशांतता माजली. एका शाळेच्या भोजनगृहांत नासधूस झाली व अनेक विद्यार्थी शाळेबाहेर घालविण्यांत आले. त्यांत ड्वाइट लोपेझ हा होता. आपण केवळ जवळ उभे होतों, असें तो म्हणे. पण तें त्यास कोणी विचारलेंच नाहीं. तेथील कायद्यान्वयें मुख्याध्यापकांस सुनावणीवांचून १० दिवसांपर्यंत असें निलंबन करतां येत असे.

२२ जानेवारी १९७५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ५ विरुद्ध ४ मतांनीं ठरविलें कीं, विद्यार्थ्यास आरोप सांगावा. तो नाकबूल करील तर पुरावा सांगून त्याची बाजू ऐकावी. ज्याच्यापासून इतरांस धोका असेल त्यास तत्काळ दूर करावें, मात्र सुनावणी शक्य तितकी लवकर व्हावी. शाळेच्या नित्य कारभारांत न्यायालयाचा हात शिरेल, अशी भीति अल्पमतांतील न्यायमूर्तींस वाटली. ती अगदींच निराधार नव्हे. तथापि मागितलें तें काय? शिक्षक व विद्यार्थी यांमधील घटकाभराचें संभाषण!

ऐकून घेऊन शासन केलें तर मूल आपला दोष ओळखतें; न ऐकतां केलें तर केवळ आपलें बळ ओळखतें. म्हणून शिक्षकहो, पालकहो, आधीं कान द्या, मग निर्णय द्या, एवढीच विनंति.