नातवाचा आवाज ओळखताना



धाराशिव जिल्ह्यातील कळंब, भूम, परांडा, उमरगा या तालुक्यांतून अनेक तरुण शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुण्या-मुंबईस जातात. गावी राहिलेल्या आजी-आजोबांना त्यांची खुशाली कळते ती दूरध्वनीवरून. भामटे नेमके हेच हेरतात. "आजोबा, अपघात झालाय, लगेच पैसे पाठवा; बाबांना सांगू नका," असा रडवेला आवाज येतो. कधी तोतया पोलीस अधिकारी नातवाच्या अटकेचे भय घालतो. आवाजाची हुबेहूब नक्कलही आता यंत्राने करता येते.

"कोणाला सांगू नका" ही फसवणुकीची पहिली खूण होय. अशा वेळी फोन ठेवावा, नातवाच्या नेहमीच्या क्रमांकावर स्वतः फोन करावा. तो न लागल्यास त्याच्या आई-वडिलांना विचारावे. तेवढ्या पाच मिनिटांनी कोणाचे काही बिघडत नाही.

पैसे गेलेच, तर लाजेपोटी गप्प बसू नये. अपराध तोतयाचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे. रक्कम भामट्याच्या खात्यातून निघण्यापूर्वी तक्रार पोहोचल्यास ती बँकेत रोखता येते.

सुटीत गावी येणाऱ्या नातवंडांनीच हे आजी-आजोबांस समजावून सांगावे.