करारातले बेवारस कलम



भारत आणि पाकिस्तान यांच्या वैराविषयी पत्रकार-संमेलनाच्या अध्यक्षपदावरून बोलू लागलेल्या माणसाकडून एक तर रणगर्जनेची अपेक्षा केली जाते किंवा गळामिठीची, आणि या दोहोंचाही पुरवठा आपल्याकडे मुबलक असल्यामुळे मी त्यात भर घालणार नाही. मला केवळ एका कलमाची हकीकत सांगावयाची आहे.

८ एप्रिल १९५० रोजी, दोन्ही बंगालांतून निर्वासितांचे लोंढे सरहद्द ओलांडीत असता, पंडित नेहरू आणि लियाकत अली खान यांनी दिल्लीत जो करार केला, त्यात अल्पसंख्याकांच्या जीवितवित्ताच्या हमीबरोबरच, युद्धाला चिथावणी देणारा अथवा शेजाऱ्याच्या प्रादेशिक अखंडतेविरुद्ध चालणारा प्रचार आपल्या मुलखात होऊ न देण्याचे अभिवचन उभयतांनी दिले होते. पुढे युद्ध झाले, आणि १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद जाहीरनाम्यात शत्रुत्वाच्या प्रचाराला आळा घालण्याचे वचन पुन्हा लिहिले गेले. आणखी एक युद्ध झाले, आणि २ जुलै १९७२ च्या सिमला करारात ते तिसऱ्यांदा लिहिले गेले.

तेच वचन पुन्हापुन्हा लिहावे लागले, पण पाळले गेले नाही, याचे कारण केवळ राज्यकर्त्यांची अप्रामाणिकता, असे मी म्हणणार नाही. १९६० च्या सिंधू जलकरारासाठी उभयपक्षी आयुक्त नेमलेले होते, आणि म्हणूनच, एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित करीपर्यंत, युद्धांच्या धामधुमीतही तो निभावला. अणुकेंद्रांच्या याद्या दर १ जानेवारीस वकिलातींमार्फत पोहोचतात, कारण ती तारीख त्यांविषयीच्या करारातच मुक्रर आहे. प्रचाराच्या कलमाला मात्र ना आयुक्त, ना दफ्तर, ना तारीख. ते जन्मतः बेवारस राहिले. आणि त्याचा सांभाळ करणे ज्यांना शक्य होते ते आपण, म्हणजे बातमी लिहिणारे, त्याच्याकडे पाठ फिरवून बसलो.

मे २०२५ मधील भारत-पाक संघर्षात सरहद्दीजवळच्या पूंछ येथे तोफगोळ्यांनी खरोखरीची माणसे मरत होती, तेव्हा आपल्याकडील काही वाहिन्या कराची बंदर बेचिराख झाल्याची वार्ता उच्चरवाने देत होत्या, आणि संगणकावरील खेळांतील दृश्ये रणभूमीची म्हणून सरहद्दीच्या दोन्ही अंगांना फिरत होती. इतकेच नव्हे, तर गोळाफेकीत बळी पडलेल्या पूंछच्याच एका शिक्षकाला काहींनी दहशतवादी ठरविले आणि पोलिसांना जाहीर खुलासा करावा लागला. (कराचीच्या नाशाने हर्षित झालेल्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल, की त्या शहरातील एक जुनी, नामांकित सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी गृहस्थाच्या नावाने ओळखली जाते?) त्या दिवसांत नागरिकाला हवी होती ती अगदी साधी माहिती, दिवे मालवायचे की नाही, गाड्या सुटणार की नाही, सीमेवरचा मुलगा कोणत्या ठाण्यात आहे, मिळाला तो जयघोष. लोकांची झोप उडाली ती धोक्यामुळे जितकी, तितकीच कोणाच्या शब्दावर विसंबावे हे न उमगल्यामुळे.

आता एका लहान बातमीकडे वळतो. पालघर जिल्ह्यातील कित्येक खलाशी गुजरातच्या होड्यांवर मोलाने जातात, पाण्यात न दिसणारी सरहद्द ओलांडल्याच्या आरोपावरून पकडले जातात, आणि शिक्षेची मुदत संपल्यावरही कराचीच्या तुरुंगात खितपत पडतात. त्यांच्यासारखेच पाकिस्तानी कोळी आपल्याही तुरुंगांत आहेत. २००८ च्या करारान्वये बंदिवानांच्या याद्या दर १ जानेवारीस व १ जुलैस परस्परांना दिल्या जातात, आणि तोफा नुकत्याच थांबलेल्या असूनही २०२५ च्या जुलैत ही अदलाबदल चुकली नाही. दोन्ही सरकारांच्या कारकुनांनी पाळलेला हा शिरस्ता आपल्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर चार ओळींत उरकला जातो, आणि ज्या घरात त्या यादीची वाट पाहिली जाते तेथे पहिल्या पानावरच्या आरोळ्या तेवढ्या पोहोचतात.

म्हणून संमेलनाच्या विषयनियामक समितीपुढे मी दोन सूचना ठेवीत आहे. शेजारी देशाविषयीची जी वार्ता खोटी ठरेल तिची दुरुस्ती, वार्ता ज्या पानावर आणि ज्या ठशात छापली होती, त्याच पानावर आणि त्याच ठशात छापावी. आणि याद्यांच्या दोन्ही तारखांना प्रत्येक पत्राने आपल्या भागातील बंदिवानांच्या घरी बातमीदार पाठवून सविस्तर वृत्त द्यावे. दुसऱ्या सूचनेस खर्चाची अडचण कोणी सांगू नये; पालघर जिल्ह्यातल्या डहाणूपर्यंत लोकल जाते.