लेखी म्हणण्यातली एक ओळ



मी वकील नाही, सॉफ्टवेअरचं काम करतो. आज बोलायला उभा आहे, कारण पाच वर्षं आपाची, माझ्या मोठ्या बहिणीची, कोर्टाची फाइल मी सांभाळली.

आपा दोन मुलं घेऊन परतवाड्याला माहेरी आली आणि तिनं पोटगीचा अर्ज केला. आठ महिने नुसत्या तारखा. मग समोरून लेखी म्हणणं आलं. तिसऱ्या पानावर एक ओळ होती: अर्जदारास दोन वर्षांपूर्वीच तलाक दिला असून मेहर व इद्दतीचा खर्च अदा केला आहे. आपल्याला तलाक झालाय हे आपाला कळलं ते असं, झेरॉक्सच्या दुकानात उभ्याउभ्या. आमचे तेव्हाचे वकील म्हणाले, आता काय उरलं? अब्बाही म्हणाले, "मर्दानं दिला म्हणजे झाला, बेटा."

पण तो झाला नव्हता. २ मे २००२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठानं दगडू पठाण विरुद्ध रहीमबी या प्रकरणात नेमकं हेच सांगितलंय. 'मी तलाक दिला होता' असं कैफियतीत लिहून तलाक होत नाही. कारण काय होतं, दोन्ही घरांतले मध्यस्थ नेमले का, समेटाचा प्रयत्न झाला का, हे पुराव्यानं सिद्ध करावं लागतं. मध्यस्थांची ही अट कोर्टानं आपल्या मनानं काढलेली नाही, सूरह निसाच्या ३५व्या आयतीत ती आहे. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला शमीम आरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही तेच म्हटलं. तिथं नवऱ्यानं १९९०च्या जबाबात १९८७चा तलाक दाखवला होता!

आमच्या भाऊजींकडे ना साक्षीदार होता, ना तलाकनामा, ना पैसे दिल्याची पावती. पोटगी मंजूर झाली. मी पेढे आणले. आपा म्हणाली, "म्हणजे मी अजून त्याचीच बायको?" मी गप्प. "मग आता मला तलाक पाहिजे. मीच मागते."

आपल्याकडच्या कित्येक मुलींना हे माहीतच नाही की १९३९च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यानं बायको स्वतः कोर्टात तलाक मागू शकते. दोन वर्षं खर्च दिला नाही, चार वर्षं ठावठिकाणा नाही, तीन वर्षं संसाराची जबाबदारी टाळली, क्रूरपणा केला, अशी कारणं त्यात लिहिलेली आहेत. हा कायदा काही इंग्रजांनी लादलेला नव्हता. त्याच्यामागे मौलाना अशरफ अली थानवींचा मालिकी फिकहवर आधारलेला अभ्यास होता. आणि खुलामध्ये बहुतेक वेळा मेहर सोडावा लागतो, इथं कलम ५ प्रमाणे मेहरचा हक्क तसाच राहतो. आपाला तर लोक खुलाच घ्यायला सांगत होते, लवकर सुटशील म्हणून.

आता कागद. निकाहनामा उर्दूत होता आणि तालुक्याच्या कोर्टाची भाषा मराठी, म्हणून भाषांतर करून जोडावं लागलं. मूळ प्रत सासरी राहिली होती, ती आम्ही निकाहच्या रजिस्टरवरून पुन्हा काढली. मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या फीच्या पावत्या, बँकेचं पासबुक. खर्च दिला नाही हे दाखवायला पासबुकातली रिकामी दोन वर्षंच कामी आली. वकीलपत्र, प्रतिज्ञापत्र, आणि २०२०च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीसाठी दोघांच्या उत्पन्नाचं आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र. हे खोटं भरू नका, पगाराची स्लिप समोर येतेच. नवऱ्याचा पत्ता नीट तपासा, आमचं समन्स दोनदा परत आलं. कौटुंबिक न्यायालय नसेल तिथं अर्ज दिवाणी न्यायालयात जातो. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील बाईला तिचं उत्पन्न न बघता मोफत मिळतो, हे आम्हाला पहिल्या वकिलाची फी भरून झाल्यावर समजलं. केसचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर मोबाइलवर टाकला की पुढची तारीख दिसते. माझी इंजिनिअरिंगची पदवी या सगळ्यात एवढ्यापुरतीच उपयोगी पडली.

जबानीच्या दिवशी आपा वीस मिनिटं बोलली. घरी इतकी ती कधी बोलली नव्हती. अब्बा मागच्या बाकावर बसून ऐकत होते.

हुकूमनामा झाल्यावर आम्ही सही-शिक्क्याच्या तीन नकला घेतल्या. एक मुलांच्या शाळेच्या कामासाठी, एक घरी. तिसरी घेऊन अब्बा स्वतः जमातीच्या दफ्तरात गेले. निकाहच्या रजिस्टरमध्ये कोर्टानं दिलेल्या तलाकसाठी रकानाच नव्हता. मुन्शीजींनी थोडा विचार केला आणि समासात तारीख लिहून घेतली.