वडिलांचा व्यवसाय



दहावीच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘व्यापार’ लिहिलं होतं. ते खोटं होतं. माझे दादा मार्केट यार्डात हमाल होते. हे मी तुमच्यापैकी कुणालाच कधी सांगितलं नाही.

आज सांगते आहे, तर एका डॉक्टरांबद्दलही बोलायला हवं. डॉ. बाबा आढाव. 1930 साली पुण्यात जन्मलेले. आयुर्वेद शिकून त्यांनी इथेच दवाखाना चालवला. हमालाचं दुखणं म्हणजे पाठ, मान, गुडघे. आणि पोतं शंभर किलोचं! त्याला कुठलं औषध पुरणार? बाबांनी हमाल पंचायत उभी केली, महापालिकेत नगरसेवक म्हणून गेले. पुढे दवाखाना सुटला. पण मला वाटतं, डॉक्टरकी सुटली नाही. पोतं 50 किलोचं करा, ही मागणी म्हणजे पाठीवरचा इलाजच होता. नाना पेठेतली ‘कष्टाची भाकर’ म्हणजे स्वस्तात पोटभर जेवण. 1972 च्या दुष्काळात ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत ते गावोगाव हिंडले, कारण पाणी असूनही दलितांना ते भरता येत नव्हतं. 1993 मध्ये कचरा वेचणाऱ्या बायकांची पंचायत झाली. आज आपल्या सोसायट्यांचा कचरा नेणारी ‘स्वच्छ’ संस्था त्यातूनच आली.

1969 साली माथाडी कायदा झाला. त्यासाठी मुंबईत अण्णासाहेब पाटील झगडले, पुण्यात बाबा. त्यामुळे हमालाच्या नावावर प्रॉव्हिडंट फंड जमू लागला. दादांनी त्याच फंडातून पैसे काढून माझी इंजिनिअरिंगची पहिल्या वर्षाची फी भरली.

कॉलेजच्या फॉर्मवरही मी ‘व्यापार’च लिहिलं. दादा चौथी शिकलेले, वाचता येत होतं. त्यांनी फॉर्म सावकाश वाचला, सही केली आणि काही न बोलता कामावर गेले.

आज मी दिवसभर खुर्चीत बसून कोड लिहिते. मान दुखली, तर कंपनी नवी खुर्ची देते. दादांच्या पाठीसाठी मात्र कुणाला तरी दवाखाना सोडून रस्त्यावर उतरावं लागलं.

दादा आता नाहीत. स्मरणिकेसाठी भाषण लिहून मागितलंत, म्हणून संपादकांना एकच विनंती. माझ्या नावाखाली कंपनी, पद काही छापू नका. एवढंच छापा : वडिलांचा व्यवसाय – हमाल, मार्केट यार्ड, पुणे.