मुंबईच्या नावाची गोगलगाय

म्हैसूरजवळच्या या वरुणात उभं राहून समुद्री गोगलगायींवर बोलायचं, ही गंमतच आहे. गावाचं नाव समुद्राच्या देवाचं आणि समुद्र बघायचा तर घाट उतरून मंगळूर गाठायचं! मला मात्र तुम्हाला आणखी वर, मुंबईला न्यायचंय. कारण एका प्राण्याच्या नावातच मुंबई आहे: गोनिओब्रँकस बॉम्बेयानस.

हा न्यूडिब्रँक, म्हणजे कवच टाकून दिलेली समुद्री गोगलगाय. डोक्यावर दोन शिंगं, ती वास घेण्यासाठी. पाठीवर मागच्या बाजूला फुलासारखा झुपका, ते कल्ले. या गटाचं खाणं स्पंज. स्पंजातली विषारी रसायनं यातल्या अनेक जाती अंगात साठवतात आणि भडक रंग दाखवून माशांना बजावतात, की मला खाऊ नका.

१९४६ साली विंकवर्थ यांनी मुंबईतल्या 'ग्लॉसोडोरिस' गोगलगायींवर एक छोटा लेख लिहिला. त्यात 'बॉम्बेयाना' होती आणि 'ट्रायमार्जिनाटा', म्हणजे तीन कडांचीही होती. पुढे दोघींची रवानगी क्रोमोडोरिसमध्ये झाली. २०१२ साली जॉन्सन आणि गॉस्लिनर यांनी डीएनएवरून या कुळाची नव्याने मांडणी केली, तेव्हा त्या गोनिओब्रँकसमध्ये आल्या. हे नाव लॅटिन व्याकरणात पुल्लिंगी, म्हणून 'बॉम्बेयाना'चा 'बॉम्बेयानस' झाला. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आपणही चांगला-चांगली करतोच.

आता ओळखायची कशी? फोटो काढला, पुस्तकातल्या चित्राशी जुळवला, झालं, असं बहुतेकांना वाटतं. पण रंग दोन्हीकडून फसवतो. एकाच जातीत वेगवेगळे रंग दिसतात आणि वेगळ्या जाती एकसारख्या दिसतात. क्रोमोडोरिसवरच्या २०१८ च्या एका अभ्यासात डीएनए तपासल्यावर हेच निघालं. शिवाय अल्कोहोलात ठेवला की प्राण्याचा रंग उडतो. वॉल्टर इलियट यांनी मद्रास इलाख्यात गोळा केलेल्या न्यूडिब्रँकांवर ऑल्डर आणि हॅनकॉक यांनी १८६४ मध्ये इंग्लंडात लिहिलं, ते जिवंतपणी काढलेल्या चित्रांच्या आधारावर. चित्रं नसती तर बाटलीतल्या फिकट गोळ्यांवरून काय कळणार होतं?

म्हणून माझं सांगणं: एका फोटोवर थांबू नका. वरून काढा, बाजूने काढा, शिंगांचा वेगळा, कल्ल्यांचा वेगळा. पाठीच्या कडेला जे पट्टे असतात त्यांचा क्रम बाहेरून आत असा लिहून ठेवा. ट्रायमार्जिनाटसचं नावच त्या कडांवरून पडलंय. लांबी मोजा. खाली कुठला स्पंज आहे तेही टिपा. आणि बोट लावू नका, कल्ले आत ओढून घेतले की अर्धी ओळख गेली. एवढं करूनही कधीकधी दात आणि जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात, किंवा डीएनए. 'गोनिओब्रँकस, जात नक्की नाही' असं लिहिण्यात कमीपणा नाही. चुकीच्या नावापेक्षा ते फार बरं.

वेळ कशी साधायची? कोळ्यांचा हिशेब सोपा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास पडते. तेव्हा खडक उघडे होतात. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी २०१७ पासून लोकांना अशीच किनाऱ्यावर नेतात. गिरगाव चौपाटीवर, हाजी अलीला, जुहूला.

त्यातला हाजी अलीचा खडकाळ किनारा सागरी किनारा रस्त्याच्या वाटेत आला. २०१८ पासून तिथे भराव पडला. २०२० मध्ये तिथली प्रवाळं उचलून दुसरीकडे लावली गेली, कारण प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. या बिनकवचाच्या प्राण्याला कायद्याचंही तसं कवच नाही.

आणि इथे नावाचा प्रश्न येतो. जातीचं नाव ज्या ठिकाणच्या नमुन्यावरून दिलं, त्या ठिकाणाला शास्त्रात वेगळी किंमत असते. उद्या कुणी दुसऱ्या समुद्रातून गोगलगाय आणून म्हणालं, की ही बॉम्बेयानस, तर तिचा डीएनए ताडून पाहायला ताजा नमुना मुंबईच्याच किनाऱ्यावरचा लागेल. तेव्हा तुमचे नातेवाईक दादर-वांद्र्याला असतील, तर पुढच्या पौर्णिमेला सकाळी त्यांच्याकडे चहाला जा. चपला रबरी घाला, खडक शेवाळाने निसरडे असतात.